धर्म राज्यघटनेत लिहून आयर्लंडला काय मिळालं?

मा. संपादक,
स.न.

आपल्या पेपरात मागे एका वाचकांचं पत्र आलं होतं. त्यांनी आयर्लंडचं उदाहरण दिलं होतं, की बघा, इंग्रजांकडून स्वातंत्र्य मिळवलं आणि आपला धर्म मानाने घटनेत लिहून टाकला, कुणाची भीड बाळगली नाही, म्हणून तो देश एकजूट राहिला आणि पुढे गेला. मी बेळगावचा. आमच्याकडे आयर्लंड हे नाव २०१२ च्या नोव्हेंबरात घराघरात पोचलं ते सविता हलप्पनवारच्या तिथल्या मृत्यूमुळे, इथे ते कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे ते पत्र वाचून गप्प बसवेना. धर्म घटनेत लिहिला हे अगदी खरं आहे. पण लिहिल्यानंतर तिथल्या बायकांचं काय झालं, पोरांचं काय झालं, आणि ज्या प्रजासत्ताकासाठी माणसं फासावर आणि गोळ्यांना सामोरी गेली त्या प्रजासत्ताकाचं काय झालं, यातलं अक्षरही त्या पत्रात नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार, डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिससमोर पॅट्रिक पिअर्स यांनी प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्याच एप्रिलमध्ये इथे बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, आणि होमरूल ही मागणी मुळात आयरिश लोकांचीच, म्हणजे आपलं लक्ष तिकडे तेव्हापासून आहे. तर तो जाहीरनामा आयरिश पुरुष आणि आयरिश स्त्रिया दोघांना हाक मारून सुरू होतो, आणि हे त्या काळात जेव्हा बायकांना पार्लमेंटसाठी मतसुद्धा देता येत नव्हतं. सगळ्यांना धार्मिक आणि नागरी स्वातंत्र्य, समान हक्क, समान संधी, देशाच्या सगळ्या लेकरांना सारख्याच मायेने सांभाळू असं त्यात स्पष्ट वचन आहे. देवाचं नाव आहे त्यात, पिअर्स स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते, पण चर्चचं नाव नाही. मागितलं होतं ते सगळ्यांचं राज्य.

आता पुढची गोष्ट फार लोकांना माहीत नसते. इंग्रजांशी झालेल्या १९२१ च्या तहावरून चळवळ फुटली, १९२२-२३ मध्ये यादवी युद्ध झालं, आणि तह न मानणारे जे कट्टर रिपब्लिकन होते (अमेरिकेतला पक्ष नव्हे, आयरिश प्रजासत्ताकवाले), त्यांच्याविरुद्ध ऑक्टोबर १९२२ मध्ये सगळ्या बिशपांनी मिळून पत्रक काढलं. लढत राहिलात तर कन्फेशन (पापाची कबुली) नाही, कम्युनियन (चर्चमधला पवित्र प्रसाद) नाही. श्रद्धाळू घरातल्या पोराला ही शिक्षा किती मोठी वाटली असेल विचार करा. डी व्हॅलेरा याच बाजूचे पुढारी. म्हणजे चर्चने ज्यांना दाराबाहेर काढलं तेच हे लोक, यांच्याकडून तरी चर्चला चार हात लांब ठेवण्याची अपेक्षा होती की नाही? पण झालं उलटंच. १९२६ मध्ये डी व्हॅलेरांनी फीना फॉल पक्ष काढला, १९३२ मध्ये सत्तेवर आले, आणि त्याच जूनमध्ये डब्लिनला जागतिक कॅथलिक काँग्रेस भरली, फिनिक्स पार्कातल्या मिस्साला (सामुदायिक प्रार्थनेला) दहा लाखांच्या आसपास माणूस होता असं सांगतात, आणि नवं सरकार पुढच्या रांगेत मान झुकवून उभं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आयर्लंडमध्ये चर्चने राज्य हिसकावून घेतलं नाही. निवडून आलेल्या माणसांनी, त्यातही स्वतःला सगळ्यात पक्के रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांनी, ते आपल्या हाताने नेऊन दिलं. पहिल्या सरकारने, म्हणजे तहवाल्यांनी, १९२३ ला सिनेमाची सेन्सॉरशिप आणली, १९२५ ला घटस्फोटाची वाट बंद केली (सिनेटमध्ये कवी येट्स त्याविरुद्ध तळमळून बोलले, ऐकलं कुणी नाही), १९२९ ला पुस्तकांची सेन्सॉरशिप. मग डी व्हॅलेरा आले, त्यांनी १९३५ ला गर्भनिरोधक साधनं विकायला आणि आयात करायला सरळ बंदीच घातली. दोन्ही बाजूंनी एकमेकांची माणसं मारलेली, दोघांनाही लोकांसमोर आपण खरे, आपण सज्जन असं दाखवायची घाई, आणि ते सर्टिफिकेट फक्त बिशपांकडे मिळत होतं. कोण जास्त कॅथलिक याची चढाओढच लागली मग.

याला इतिहासही होता, तो नाकारून चालणार नाही. इंग्रजांच्या राज्यात कॅथलिक असणं हाच कैक पिढ्या जणू गुन्हा होता, जमीन घेता येत नव्हती, शाळा काढता येत नव्हती, त्यामुळे धर्म आणि देश लोकांच्या मनात एकच झालेले. १८४५ च्या दुष्काळानंतर चर्च गावागावात अजून घट्ट झालं. उत्तर आयर्लंड इंग्रजांकडे राहिला त्या फाळणीनंतर दक्षिणेत शंभरातले ९२-९३ कॅथलिक. शिवाय राज्य गरीब, शाळा, हॉस्पिटलं, अनाथालयं नन आणि ब्रदर लोक कमी पैशात चालवत होते, सरकारला ते सोयीचं होतं. हे सगळं समजून घेता येतं. पण समजून घेणं वेगळं आणि त्याचा आदर्श म्हणून गौरव करणं वेगळं.

१९३७ ची घटना डी व्हॅलेरांनी करवून घेतली. प्रस्तावना परमपवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नावाने. कलम ४४ मध्ये बहुसंख्य नागरिकांच्या श्रद्धेचं रक्षण करणारं म्हणून कॅथलिक चर्चचं विशेष स्थान. कलम ४१ मध्ये घटस्फोटाला बंदी, आणि स्त्री घरात राहून राष्ट्राला जो आधार देते तो फार मोठा आहे अशी वाक्यं. वाचायला गोड वाटतात, पण ज्या बाईचं लग्न झालं तिला सरकारी नोकरी सोडावी लागत होती, आणि हा नियम १९७३ पर्यंत चालू होता. मसुदा चालू असताना जॉन चार्ल्स मॅक्क्वेड नावाचे धर्मगुरू, जे पुढे १९४० पासून तीस वर्षांहून जास्त काळ डब्लिनचे आर्चबिशप होते, ते डी व्हॅलेरांना टिपणांवर टिपणं पाठवत होते. एक श्रेय मात्र डी व्हॅलेरांना दिलंच पाहिजे. हेच एकमेव खरं चर्च असं लिहा म्हणून दबाव होता, तो त्यांनी मानला नाही, आणि बाकीच्या चर्चबरोबर ज्यू समाजाचंही नाव घटनेत घातलं, तेसुद्धा १९३७ च्या युरोपात. व्हॅटिकनने त्या मसुद्याला ना पसंती दिली ना नापसंती. म्हणजे ज्यांना खूश करायला एवढा खटाटोप, ते पुरते खूशही झाले नाहीत.

पत्रलेखक वाचकांनी हेही लक्षात घ्यावं की हीच घटना आपल्या घटना समितीसमोर होती. डॉ. आंबेडकर आणि बाकीच्या मंडळींनी ती बारकाईने पाहिली, त्यातल्या कलम ४५ वरून आपली मार्गदर्शक तत्त्वं आली हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण कलम ४४ उचललं नाही, ४१ उचललं नाही. प्रस्तावना देवाच्या नावाने सुरू करा अशी दुरुस्ती एच. व्ही. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ ला मांडली, त्यावर मतदान झालं, बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोधात मत देणाऱ्यांत देवभक्त माणसं भरपूर होती. आयर्लंडकडून काय घ्यायचं आणि काय तिथेच ठेवायचं हे आपल्या लोकांनी डोळसपणे ठरवलं होतं आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे.

आता १९५१. मला विचाराल तर सगळा प्रश्न या एका प्रकरणात दिसतो. १९४८ मध्ये डी व्हॅलेरा हरले, अनेक पक्षांचं सरकार आलं, कॉस्टेलो पंतप्रधान, आणि याच सरकारने ईस्टरच्या सोमवारी, १८ एप्रिल १९४९ ला, देश अधिकृतपणे प्रजासत्ताक झाल्याचं जाहीर केलं. परराष्ट्रमंत्री शॉन मॅकब्राइड, एके काळचे आयआरए या सशस्त्र रिपब्लिकन संघटनेचे प्रमुख, त्यांच्याहून मोठा रिपब्लिकन शोधून सापडणार नाही. त्यांच्याच पक्षाचे नोएल ब्राउन आरोग्यमंत्री झाले, वय ३२, डॉक्टर, स्वतःला टीबी होऊन गेलेला, आईवडील टीबीने गेलेले. या माणसाने टीबीची हॉस्पिटलं उभी करायचा धडाका लावला आणि मग योजना आणली की प्रत्येक आईला बाळंतपणात आणि प्रत्येक मुलाला १६ वर्षांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाचा दाखला न मागता. बस, एवढंच. यात धर्माच्या विरुद्ध काय आहे? पण बिशपांनी ऑक्टोबर १९५० मध्ये सरकारला पत्र लिहिलं, की मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आईबापांची, सरकारने त्यात पडू नये, आणि बायकांना आरोग्याची माहिती देताना गर्भनिरोधाचं काही सांगितलं गेलं तर? खाजगी प्रॅक्टिसवाल्या डॉक्टरांना आपलं उत्पन्न जाईल ही भीती, ते बिशपांच्या मागे उभे राहिले. आणि कॅबिनेट? सगळ्या कॅबिनेटने त्या तरुण मंत्र्याला एकटं सोडलं. राजीनामा मागितला तो मॅकब्राइड यांनी, स्वतःच्या पक्षाध्यक्षांनी. ११ एप्रिल १९५१ ला ब्राउन बाहेर. त्यांनी सगळा पत्रव्यवहार पेपरला देऊन टाकला, दुसऱ्या दिवशी छापून आला, म्हणून तरी लोकांना कळलं की बंद दाराआड काय चालतं. पंतप्रधान कॉस्टेलो पार्लमेंटमध्ये उभे राहून म्हणाले की मी कॅथलिक म्हणून माझ्या चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकतो आणि पुढेही ऐकत राहीन, त्यापायी मतं गेली तरी. दोन वर्षांपूर्वी प्रजासत्ताक जाहीर करणारा हाच माणूस! मतदारांनी ज्याला निवडलं तो म्हणतोय की शेवटचा शब्द मतदारांचा नाही. लोकांनी काय केलं तर मेच्या निवडणुकीत ब्राउनना अपक्ष म्हणून परत निवडून दिलं आणि मॅकब्राइडचा पक्ष दहा जागांवरून दोनवर आला. म्हणजे सामान्य कॅथलिक माणूस पुढाऱ्यांना वाटत होता तेवढा बिशपांच्या मुठीत नव्हता, हे त्या पुढाऱ्यांनी बघायलाच नको होतं का?

एकजूट राहिली म्हणे. कोणाची एकजूट? लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना घरचेच आणि गावचे पाद्री नन लोकांच्या संस्थांत पोचवून येत होते. ट्युअम गावातल्या अशा एका संस्थेत १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुलं मेली, त्यांच्या दफनाची नोंद नव्हती, हे एका स्थानिक इतिहास संशोधक बाईंनी, कॅथरीन कॉर्लेस यांनी, एकेक मृत्यू दाखला पैसे भरून काढून शोधलं. तिथलं उत्खनन २०२५ मध्ये सुरू झालं. अशा १८ संस्थांची चौकशी झाली, जानेवारी २०२१ च्या अहवालात तिथे ९ हजारांच्या आसपास मुलं गेल्याचं आलं. नन लोक चालवत त्या मॅग्डलेन लाँड्रीत बायकांना पगार नाही, बाहेर जायची सोय नाही, कपडे धूत राहायचं, शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ मध्ये, आपल्याकडे केबल टीव्ही आला होता तेव्हा. आणि सरकारी अहवालच सांगतो की तिथे आलेल्यांपैकी पाव हिश्श्याहून जास्त बायका सरकारी यंत्रणेमार्फत आल्या होत्या. सगळ्या लेकरांना सारख्याच मायेने सांभाळू, हे वचन दिलेलं राज्य होतं ते. दोष एकट्या ननचा नाही, मुलीच्या त्या अवस्थेला जबाबदार असलेला पुरुष पळून गेला, बापाने दार लावून घेतलं, सरकारने तपासणी केली नाही, सगळ्यांचं मिळून ते झालं.

आणि उत्तरेचं बघा. उत्तर आयर्लंड आमचाच, देश एक करू हे प्रत्येक रिपब्लिकनच्या तोंडी. तिथले प्रोटेस्टंट आधीपासून म्हणत होते की होमरूल म्हणजे रोमचं, पोपचं राज्य होईल. त्यांचा पंतप्रधान क्रेग १९३४ मध्ये छाती पुढे काढून म्हणाला की आमचं पार्लमेंट प्रोटेस्टंट आणि आमचं राज्य प्रोटेस्टंट, आणि तिथल्या कॅथलिकांवर घरं, नोकऱ्या, मतदान सगळ्यात अन्याय झाला, त्याबद्दल काही सारवासारव नको. पण दक्षिणेने त्याला उत्तर काय दिलं? तसंच उलट राज्य उभं करून त्याची भीती खरी करून दाखवली. १९५७ मध्ये वेक्सफर्डच्या फेदर्ड गावात एका मिश्र लग्नातल्या मुलांना कुठल्या शाळेत घालायचं यावरून गावच्या प्रोटेस्टंट दुकानांवर बहिष्कार पडला. डी व्हॅलेरांनी पार्लमेंटमध्ये त्याचा निषेध केला हे खरं, पण मिश्र लग्नातली सगळी मुलं कॅथलिकच झाली पाहिजेत या नियमाला धक्का लावायची हिंमत कुणाची झाली नाही.

सुटका कशी झाली तेही थोडक्यात सांगतो. मे १९७१ मध्ये डब्लिनच्या बायका रेल्वेने बेलफास्टला गेल्या, गर्भनिरोधक साधनं घेऊन आल्या आणि स्टेशनवर कस्टमवाल्यांसमोर उघड दाखवली. १९७२ ला लोकांनीच मतदान करून चर्चचं विशेष स्थान घटनेतून काढलं, ८४ टक्क्यांनी. १९७३ ला एका चार मुलांच्या आईने, जिला पुन्हा दिवस जाणं जिवावर बेतणारं होतं, गर्भनिरोधक साधनं मिळावीत म्हणून सुप्रीम कोर्टात केस जिंकली. पुढारी मात्र शेवटपर्यंत घाबरत राहिले. १९७४ मध्ये पंतप्रधान कॉसग्रेव्ह यांनी चक्क आपल्याच सरकारच्या गर्भनिरोधक बिलाविरुद्ध मत दिलं. १९८१-८२ मध्ये दीड वर्षात तीन निवडणुका झाल्या, कुणालाच बहुमताची खात्री नाही, अशा वेळी एका दबावगटाने गर्भपातबंदी घटनेतच घाला अशी मागणी केली आणि दोन मोठ्या पक्षांचे पुढारी हॉही आणि फिट्झजेराल्ड दोघांनी शब्द देऊन टाकला. अॅटर्नी जनरलने या शब्दरचनेत धोका आहे असं बजावलं होतं. १९८३ ला ही बंदी घालणारी आठवी घटनादुरुस्ती ६७ टक्के मतांनी झाली.

या सगळ्यात एक माणूस मला फार मोठा वाटतो. डेस ओ'मॅली, फीना फॉलचा. फेब्रुवारी १९८५ मध्ये प्रौढांना निरोध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळावेत असं बिल आलं, पक्षाचा आदेश विरोध करा. ओ'मॅली उभे राहिले, म्हणाले की राजकारण बघितलं तर विरोध करणंच सोपं आहे, पण मी प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा आहे, म्हणून विरोध करणार नाही. आठवड्याभरात पक्षातून हकालपट्टी. हा माणूस कॅथलिकच होता. ब्राउनही होते. माझं हे पत्र कॅथलिक श्रद्धेविरुद्ध आहे असं कृपया कुणी समजू नये, आमच्या बेळगावच्या कॉन्व्हेंट शाळांनी इथल्या कितीतरी घरांना शिकवलंय, वसई आणि गोव्यातल्या बांधवांबद्दल तर बोलायलाच नको. चर्चमध्ये जाणारे आणि तरीही सगळ्यांच्या राज्यासाठी उभे राहणारे लोक आयर्लंडमध्ये होते, आणि तेच शेवटी जिंकले.

पण मधे आठव्या दुरुस्तीची ती २९ वर्षं झाली आणि सविता हलप्पनवार गेली. दातांची डॉक्टर, वय ३१, आईवडील इथे बेळगावात. १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, तिने गर्भपात करा म्हणून विनवलं, पण बाळाचे ठोके चालू आहेत, कायद्यात बसत नाही. एका नर्सने सांगितलं की हा कॅथलिक देश आहे. तिने ते सहज, समजावून सांगताना म्हटलं असेल, पुढे चौकशीत तसं म्हटल्याचं कबूलही केलं आणि खेद व्यक्त केला. २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेमध्ये सविता रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेली. देखरेखीतल्या चुकाही चौकशीत निघाल्या, पण डॉक्टर थांबले ते कायद्याकडे बघून, आणि तो कायदा तीन निवडणुकांच्या घाईत दोन पुढाऱ्यांनी दिलेल्या शब्दातून आला होता. जी बाई त्या धर्माची नाही, त्या देशात जन्मलेली नाही, तिच्या जिवाचा निर्णयसुद्धा त्याच वाक्याने झाला.

२५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकली. सविताच्या आईवडिलांनी इथून आयरिश मतदारांना तसं आवाहन केलं होतं. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, त्याचं कौतुक आपल्या पेपरांनी भरपूर केलं आणि योग्यच केलं. पण तो मुलगा उघडपणे समलिंगी असून त्या देशाचा पंतप्रधान होऊ शकला, ते १९९३ मध्ये समलिंगी संबंधांवरचा जुना कायदा गेला आणि २०१५ मध्ये लोकांनी ६२ टक्के मतांनी अशा लग्नांना मान्यता दिली म्हणून. पत्रलेखक ज्या आयर्लंडचा आदर्श सांगतात त्या आयर्लंडमध्ये ते शक्यच नव्हतं.

आणि घटनेत एकदा लिहिलेलं काढणं किती कठीण असतं तेही बघा. घटस्फोटाची बंदी काढायला १९८६ चं मतदान हरलं, १९९५ चं जिंकलं ते जेमतेम ९ हजार मतांनी. बाईचं स्थान घरात सांगणारी ती वाक्यं बदलायला मार्च २०२४ मध्ये मतदान झालं, पर्यायी शब्द इतके कच्चे होते की अपंगांची काळजी घेणाऱ्या घरांनासुद्धा ते पटले नाहीत, जवळपास ७४ टक्के लोकांनी नाही म्हटलं. म्हणून १९३७ ची ती वाक्यं आजही जशीच्या तशी तिथे आहेत, आणि दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा आजही चर्चच्या ताब्यात आहेत. पत्रलेखक वाचकांना विनंती आहे की पुढच्या वेळी आयर्लंडचं नाव घेतील तेव्हा हेही सोबत लिहावं.

आपला,
एक वाचक, बेळगाव